भांड्याआधी गिऱ्हाईक घडवावं लागतं

पुण्यात मी मातीकामाचा स्टुडिओ चालवते. पुढे दुकान, मागे चाकं आणि विजेची भट्टी, आणि आठवडाभर सकाळ-संध्याकाळ चालणारे वर्ग. असा व्यवसाय सुरू करू पाहणारी तरुण मंडळी सल्ला विचारायला येतात, तेव्हा त्यांच्या हिशेबात एक गोष्ट हमखास असते: भांडी दुकानातून विकायची आणि जागेचं भाडं सुटावं म्हणून शनिवार-रविवारी दोन-दोन तासांच्या कार्यशाळा घ्यायच्या. हा हिशेब मला पटत नाही. हातानं घडवलेल्या भांड्यांचं दुकान टिकवायचं असेल, तर महिनोन्‌महिने चालणारा, आसपासच्या वस्तीतल्या माणसांचा नियमित वर्ग हाच त्याचा पाया असतो, असं माझं अनुभवानं झालेलं ठाम मत आहे. दोन तासांची कार्यशाळा त्या महिन्याचं भाडं काढून देते, पण दुकानाला लागणारं गिऱ्हाईक ती तयार करत नाही. उलट काही बाबतीत ती ते बिघडवते.

सुरुवात किमतीपासून करायला हवी, कारण दुकानात येणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न तोच असतो. उत्तर प्रदेशातल्या खुर्जा गावात साच्यातून हजारोंनी निघणारा चहाचा कप शहरातल्या कुठल्याही बाजारात स्वस्तात मिळतो, आणि आमचा कप त्याच्या कितीतरी पट महाग असतो. दोन्ही चहा धरून ठेवतात. मग फरक कशाचा? हातानं कप घडवायचा तर माती आधी मळून तिच्यातली हवा काढावी लागते. मग ती चाकावर मध्यावर आणून उचलायची, अर्धवट सुकल्यावर बूड तासायचं, कान जोडायचा आणि सावकाश वाळू द्यायचं. पहिली भाजणी साधारण ९५० ते १००० अंशांवर होते, मग झिलई चढवायची आणि पुन्हा १२२० ते १२४० अंशांपर्यंत भाजायचं. या साऱ्यात ओला कप दहा-बारा टक्क्यांनी आक्रसतो. बूड नीट दाबलं नसेल तर तिथे नागमोडी चीर पडते. कान आणि अंग यांच्या ओलाव्यात फरक राहिला तर सांध्यात तडा जातो. आत ओल उरली असेल तर पहिल्याच भाजणीत भांडं फुटतं आणि शेजारच्या दोघा-तिघांना घेऊन जातं. मांडणीवर उभ्या असलेल्या कपाच्या किमतीत न टिकलेल्या कपांची किंमतही असते. हे सगळं चिठ्ठीवर छापून कपाला बांधता येतं. आम्हीही बांधून पाहिलं आहे. वाचणारा कौतुक करतो आणि कप जागेवर ठेवतो. हाताला जे कळलेलं नाही, त्याचे पैसे माणूस मनापासून देत नाही.

एके काळी हे ज्ञान गिऱ्हाइकाकडे होतंच, त्यासाठी वर्ग लागत नव्हता. तेरच्या गोरा कुंभारांनी थापटण्यानं संतांची डोकी वाजवून कोण पक्कं आणि कोण कच्चं मडकं ते सांगितलं, ही कथा महाराष्ट्रात घरोघरी समजली, कारण ऐकणारा प्रत्येक जण बाजारात माठ वाजवून घेणारा होता. भाजका आवाज कोणता आणि बद्द आवाज कोणता हे आजीला माहीत असायचं. संक्रांतीची सुगडं, नवरात्रातला घट, खानदेशात आखाजीला भरायची घागर, दिवाळीच्या पणत्या अशी वर्षभर मातीची भांडी घरात येत, फुटत, बदलली जात. कुठली माती पाणी गार करते, कुठलं भांडं चुलीवर टिकतं, नवं मडकं वापरण्याआधी पाण्यात का ठेवायचं, हे वापरातून समजत होतं. स्टील, प्लास्टिक आणि फ्रिज आल्यावर भांडी गेली, आणि त्यांच्याबरोबर भांडं पारखणारी नजरही गेली. मातीची म्हणून घरात राहिली ती मुख्यतः पूजेची भांडी, आणि पूजेचं भांडं वाजवून घ्यायची गरज कुणाला वाटत नाही. म्हणून आज मातीच्या भांड्यांचं दुकान उघडणाऱ्यानं ही नजर पुन्हा तयार करायचं कामही अंगावर घेतलेलं असतं, त्याला ते ठाऊक असो वा नसो.

आता दोन तासांत ही नजर का तयार होत नाही ते पाहू. मातीला तिचं स्वतःचं घड्याळ आहे आणि ते कुणाच्या सोयीनं चालत नाही. आज घडवलेला कप तासण्याजोगा व्हायला एखादा दिवस जातो आणि पूर्ण वाळायला आठवडा. पुण्याच्या पावसाळ्यात त्याहूनही जास्त. भट्टीतही घाई चालत नाही. मातीच्या कणांत रासायनिकरीत्या बांधलेलं पाणी साडेचारशे ते सहाशे अंशांच्या दरम्यान बाहेर पडतं आणि ५७३ अंशांना मातीतलं क्वार्ट्‌झ एकदम प्रसरण पावतं. तिथून चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा सांभाळून जावं लागतं. तापायला एक दिवस, निवायला त्याहून अधिक, आणि अशा दोन भाजण्या. म्हणजे पहिल्या स्पर्शापासून हातात कप येईपर्यंत तीन आठवडे सहज जातात. कार्यशाळेत येणारा माणूस यातला फक्त पहिला, सगळ्यांत आनंदाचा तुकडा पाहतो, आणि तोही बहुतेक वेळा शिकवणाऱ्याच्या हातांनी सावरलेला. तासणं, वाळवणं, भाजणं, झिलई हे सारं त्याच्या पाठीमागे स्टुडिओतली माणसं करतात. घरी जाताना तो आनंदी असतो, यात शंका नाही. पण कप बनवायला वीस मिनिटं लागतात, अशी त्याची समजूत झालेली असते. दुकानातल्या किमती त्याला आधी महाग वाटत होत्या, आता त्या अन्यायाच्या वाटू लागतात. गिऱ्हाईक बिघडतं असं मी म्हणते ते या अर्थानं.

भट्टीचा हिशेबही याच बाजूनं बोलतो. विजेची भट्टी अर्धी भरली काय आणि पूर्ण भरली काय, वीज जवळजवळ तेवढीच लागते, आणि ती व्यापारी दरानं. त्यामुळे भट्टी कधी भरणार याचा आधीच अंदाज असणं हे स्टुडिओच्या पोटापाण्याचं गणित आहे. नियमित वर्गातून माल ठरावीक गतीनं येतो. कोण काय करतंय, कशाला किती जागा लागेल, कोणाची झिलई कुठल्या तापमानाला जाते हे माहीत असतं. कार्यशाळेनंतर मात्र एकाच वेळी वीस-पंचवीस भांडी येतात, जाडीला असमान, बुडाशी ओली, आणि त्यांचे धनी पुन्हा भेटतीलच असं नाही. न नेलेली भांडी ही कार्यशाळा घेणाऱ्या प्रत्येक स्टुडिओच्या मांडणीवरची कायमची गर्दी आहे. ज्या गोष्टीसाठी पैसे मोजले ती न्यायला माणूस येत नाही, याचा अर्थ त्याला भांडं नकोच होतं. एक दुपार हवी होती. दुपार हवी असणं गैर नाही. पण तिच्यासाठी माती भाजू नये, असं मला वाटतं. न भाजलेली माती भिजवून कितीही वेळा पुन्हा वापरता येते; एकदा भाजली की ती पुन्हा माती होत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या जोर्वे आणि पुणे जिल्ह्यातल्या इनामगाव इथल्या उत्खननांत निघालेली खापरं तीन हजार वर्षांनंतरही चिमटीत धरता येतात. इतकं टिकणारं काही जगात सोडायचं, तर त्याआधी ते ठेवण्याजोगं आहे का हे विचारायलाच हवं. म्हणून आमच्या वर्गात सुरुवातीच्या आठवड्यांत घडवलेलं बहुतेक सगळं तारेनं मधोमध कापायचं असतं. भिंत कुठे जाड राहिली, बूड किती उरलं, हे कापल्यावरच दिसतं. मग तीच माती परत मळायची. हा नियम पहिल्यांदा जिवावर येतो. पण इथेच भांड्याकडे बघणारी नजर तयार होते. पुढे तोच विद्यार्थी दुकानात दुसऱ्याचा कप उचलून उलटा करतो, बूड पाहतो, कडेवरून बोट फिरवतो आणि न विचारता किंमत समजून घेतो. आमच्या गिऱ्हाइकांत वर्गातून गेलेल्यांचा आणि त्यांनी आणलेल्या शेजाऱ्या-पाजाऱ्यांचा भरणा मोठा आहे, आणि मांडणीसमोर त्यांची घासाघीस जवळजवळ नसते.

यावर पहिला आक्षेप असा येतो की शहरातल्या माणसाला वेळ नाही, कार्यशाळा हे निदान दार आहे; दारच बंद केलं तर आत कोण येणार? दार हवं हे मला मान्य आहे. पण दारातून आत आल्यावर खरी खोली दिसली पाहिजे. रविवारी सकाळी कुणीही यावं, वर्ग चालू असताना बसावं, माती मळून पाहावी, वाटलं तर चाकावर हात लावावा आणि रिकाम्या हातानं परत जावं, अशी सोय आम्ही ठेवली आहे. त्याचे पैसे घेत नाही. घरी न्यायला काही मिळत नाही म्हटल्यावर काही जण येतच नाहीत. जे येतात त्यांच्यातले बरेच पुढे वर्गाला बसतात. वेळेबद्दल म्हणाल, तर आमच्या वर्गात नोकरी करणारे आहेत, निवृत्त आहेत, लहान मुलांच्या आया आहेत. आठवड्यातून एकदा अडीच तास काढणं त्यांना जमतं. शुल्काचा प्रश्न मात्र खरा आहे. तो हप्त्यांनी आणि माती मळण्याच्या, भट्टी भरण्याच्या कामाच्या मोबदल्यात सवलत देऊन थोडा हलका होतो, पण संपत नाही. मातीकामाचा वर्ग आजही परवडणाऱ्यांचाच वर्ग आहे, आणि शाळांमधून चित्रकलेइतकाच तास मातीला मिळेपर्यंत तो तसाच राहील.

दुसरा आक्षेप धंद्यातला: शिकवाल तर उद्या तुमचेच विद्यार्थी समोर दुकान थाटतील. थाटावं त्यांनी. भारतातल्या स्टुडिओ मातीकामाचा इतिहास याच्या उलट बाजूचा पुरावा देतो. पुदुच्चेरीत रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी १९७१ मध्ये गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली. तिथे विक्रीची भांडीही बनत होती आणि मुलं महिनोन्‌महिने राहून शिकतही होती. आज देशभर नावाजलेल्या कितीतरी कलाकारांची सुरुवात तिथली आहे, आणि त्या परिसरात एक स्टुडिओ संपण्याऐवजी अनेक उभे राहिले. सरदार गुरचरण सिंग यांनी उतारवयात हिमाचलातल्या अंद्रेट्यात जे काम रुजवलं, तिथेही तीन महिन्यांचा निवासी अभ्यासक्रम आणि भांड्यांची विक्री एकाच अंगणात चालते. जिथे करणारे वाढले तिथे घेणारेही वाढले. दुकानाला खरा धोका शेजारच्या दुसऱ्या कुंभारशाळेचा नाही, भांड्याबद्दल उदासीन असलेल्या गिऱ्हाइकाचा आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो, आणि तो करणाऱ्यांचा राग रास्त आहे. ज्या समाजानं पिढ्यान्‌पिढ्या चाक फिरवलं, त्याला पणतीचे दोन-चार रुपये मिळतात, आणि आम्ही शहरी माणसं त्याच मातीचं शिक्षण हजारोंनी विकतो. धारावीच्या कुंभारवाड्यात किंवा पुण्याच्या कसबा पेठेत कुंभाराची मुलं धंदा सोडत असताना चार किलोमीटरवर मातीकाम हा छंद म्हणून फोफावतो, हे विदारक आहेच. भांड्याची तांत्रिक जात वेगळी आहे, आमचं दगडी पोताचं भांडं बाराशे अंशांच्या वरचं आणि त्यांचं आव्यातलं भांडं हजारच्या आतलं, हे उत्तर खरं असलं तरी पुरेसं नाही. माझं उत्तर वर्गाच्या रचनेत आहे. कुंभार कारागीर आमच्याकडे प्रात्यक्षिकाचा पाहुणा म्हणून येत नाही. तो शिक्षक म्हणून येतो, इतर शिक्षकांइतक्याच मानधनावर आणि संपूर्ण सत्रासाठी. एका तासात चाकावरच्या एकाच गोळ्यातून ओळीनं पणत्या उतरवणारे हात ज्यानं पाहिले आणि मग स्वतः एक पणती करून बघितली, तो पुन्हा पणतीवाल्याशी घासाघीस करत नाही. माठ, पणत्या, सुगडं आम्ही दुकानात ठेवत नाही. विचारणाऱ्याला कुंभारवाड्याचा पत्ता देतो. २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसायांमध्ये कुंभारकाम आहे. पाच ते सात दिवसांचं मूलभूत प्रशिक्षण, दिवसाला पाचशे रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी पंधरा हजारांपर्यंत मदत मिळते. ते चांगलंच आहे. पण ते करणाऱ्याला मदत करतं, घेणाऱ्याला काही शिकवत नाही. चांगलं अवजार हातात आलं तरी दहा रुपयांची पणती महाग म्हणणारं गिऱ्हाईक तेच राहतं. कुंभाराचं आणि माझं दुखणं इथे एकच आहे, आणि त्यावरचा इलाज मला तरी नियमित वर्गापलीकडे दिसलेला नाही.

तुम्हाला मातीकाम शिकायचं असेल तर नाव घालण्याआधी स्टुडिओत जाऊन काही गोष्टी विचारा. माझं भांडं तासणार कोण, मी की तुम्ही? भट्टी भरताना आणि उघडताना मला थांबता येईल का? झिलईत शिसं आहे का? वर्ग संपल्यावर फरशी ओल्या फडक्यानं पुसता की झाडूनं झाडता? सुक्या मातीच्या धुळीत सिलिका असते आणि ती वर्षानुवर्षं श्वासात गेली तर फुप्फुसं कायमची निकामी करू शकते. आणि पहिल्या महिन्यात घडवलेल्यापैकी किती मोडायला लावणार, हेही विचारा. पहिल्याच दिवशी कप घरी देण्याचं वचन कुणी दिलं, तर दुसरा स्टुडिओ शोधा.