मोटर उठताना बघितलीस का?

हॉस्टेलची लाईट गेली की पहिल्या मजल्यापासून तिसऱ्यापर्यंत एकच आरोळी उठते, हे तुम्हाला सांगायला नकोच. मग मेसच्या मागे जनरेटर खोकतो, दिवे येतात, दुसरी आरोळी उठते, आणि आपण पुन्हा पत्त्यांकडे... सॉरी, अभ्यासाकडे वळतो. तो जनरेटर किती के.व्ही.ए.चा आहे हे तीन वर्षांत मी कधी वाकूनही पाहिलं नव्हतं. इलेक्ट्रिकलला असूनसुद्धा!

आमचं गाव श्रीवर्धन तालुक्यात. घराला लागून बाबांची पिठाची गिरणी आणि छोटं किराणा दुकान. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा मी दहावीच्या निकालाची वाट बघत होतो. नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, खांब तर काडेपेटीतल्या काड्यांसारखे पडलेले. कितीतरी दिवस वीज नाही. लोक तांदूळ, नाचणीचे डबे घेऊन दारात यायचे आणि बाबा हात जोडून परत पाठवायचे. आजीने माळ्यावरचं जातं काढलं, पण जात्यावर अख्ख्या वाडीचं पीठ कसं निघणार? बाबा तेव्हा काही बोलले नाहीत. २०२४ च्या दिवाळीआधी मात्र फोन आला, "पतसंस्थेचं कर्ज मंजूर झालंय. जनरेटर घेतोय. तू इलेक्ट्रिकलला आहेस ना, किती मोठा घ्यायचा ते सांग."

झालं! आयुष्यात पहिल्यांदा बाबांनी मला इंजिनीअर म्हणून काहीतरी विचारलं होतं. रूम पार्टनर म्हणाला, "इन्व्हर्टर बसव की, आवाज नाही, धूर नाही." त्याला तिथेच हिशोब दाखवला. घरातली नेहमीची १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे १.८ युनिट. गिरणी तासाला साडेसहा युनिट खाते. पाव तासात खेळ खलास.

मग जर्नलचं मागचं पान उघडलं. मोटर ७.५ हॉर्सपॉवर, म्हणजे ५.६ किलोवॅट. एफिशियन्सी ८५ टक्के धरली तर लाईनवरून ६.६ किलोवॅट. पॉवर फॅक्टर ०.८, म्हणजे सव्वाआठ के.व्ही.ए. थोडं वर ठेवून उत्तर आलं १०. खाली दोन रेघा मारल्या आणि बाबांना कळवून टाकलं. काकांचं म्हणणं होतं, "कर्ज काढलंच आहे तर २५ चा घ्या, परत बघायला नको." मी त्यांना ऐटीत समजावलं की मोठ्या इंजिनावर कायम थोडाच लोड राहिला तर ते नीट तापत नाही, डिझेल पुरतं जळत नाही, सायलेन्सरमधून काळं तेलकट पाणी गळायला लागतं आणि इंजिनाचं आयुष्य कमी होतं. हे खरंच आहे. त्यामुळे माझा १० चा आकडा आणखीनच पक्का झाला.

दिवाळीच्या सुट्टीत टेम्पोतून वापरलेला १० के.व्ही.ए.चा थ्री फेज सेट आला. चालवून बघू, पटला तर पैसे, अशी बोली होती. (ही बोली बाबांची. माझं चाललं असतं तर पैसे आधीच गेले असते.) अर्धी वाडी जमलेली. इंजिन सुरू झालं, दुकानातले दिवे लागले, डीप फ्रीजर गुरगुरला. मी सगळ्यांकडे बघून घेतलं. बाबांनी गिरणीच्या स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं.

इंजिन कण्हलं. काळ्या धुराचा लोट, दिवे मिणमिणले, मोटर नुसतीच हुं हुं करत राहिली आणि स्टार्टर खडखड करून सुटला. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा बाबांनी दाबलंच नाही. ते माझ्याकडे बघत होते, रागाने नाही, आणि तेच जास्त लागलं.

गर्दीतले वायरमनकाका पुढे आले. "बाळा, तू चालणारी मोटर बघितलीस. मोटर उठताना बघितलीस का?"

खाडकन डोळ्यांसमोर मशीन्सचं पुस्तक आलं. मोटर चालताना साधारण ११ अँपिअर घेते, पण डायरेक्ट ऑन लाईन सुरू करताना सहा-सात पट, म्हणजे ७० च्या आसपास. आणि १० के.व्ही.ए.चा सेट फेजमागे जेमतेम १४ अँपिअर देणारा! मागायला लागलो की व्होल्टेज बसतं, व्होल्टेज बसलं की स्टार्टरची कॉईल सोडते. परीक्षेत यावर मला दहापैकी आठ मिळाले होते.

सेट त्याच टेम्पोतून परत गेला. टेम्पोचं भाडं आमच्या अंगावर. काकांनी सुचवलं ते दोन बाजूंनी होतं: सेट १५ चा, आणि जुना स्टार्टर काढून स्टार-डेल्टा. स्टार-डेल्टाने सुरुवातीचा करंट एकतृतीयांशावर येतो. मात्र मोटरचा जोरही तेवढाच कमी होतो, म्हणून गिरणी मोकळी सुरू करायची, वेग आला की मगच दाणे सोडायचे. १५ वर गिरणी आणि घर मिळून लोड निम्म्याच्या वर राहतो, म्हणजे इंजिनही खूश. शिवाय काकांनी चेंजओव्हर स्विच स्वतः उभं राहून बसवून घेतला. मेन लाईन आणि जनरेटर चुकूनही जोडले गेले तर वीज उलटी तारांवर जाते, आणि वादळानंतर त्या तारांवर कुणीतरी लाईनमन चढलेला असतो. सेट पडवीत नाही, अंगणात शेडखाली ठेवला. त्याचा धूर घरात कोंडला तर माणूस झोपेतच जायचा.

हिशोब मी पुन्हा केला. तासाला दोन-सव्वादोन लिटर डिझेल, लिटर नव्वदच्या आसपास. विजेवर तेच काम पन्नास-साठ रुपयांत होतं. मी म्हटलं, "बाबा, जनरेटरवर दळताना दर वाढवायला हवा."

बाबा म्हणाले, "तो तुझा हिशोब. लिहून ठेव."

दर तोच आहे. आई मात्र एक नवीन गोष्ट शिकली आहे. लाईट गेलेली असताना ती मिक्सर आधी लावत नाही. गिरणीचा पट्टा सुरात आला की मगच वाटपाला हात घालते.