न दिसणारी आगळ

आमच्या खानापूर तालुक्यातल्या जुन्या घराच्या दाराला आगळ होती. दिवेलागण झाली की आजोबा ती भिंतीतल्या भोकातून ओढून काढीत आणि दाराच्या पाठीशी आडवी सारीत. सागाचे ते चार हात लांबीचे लाकूड तीन पिढ्यांच्या तळव्यांनी गुळगुळीत झालेले होते. आगळ म्हणजे संस्कृतातली अर्गला आणि कुलूप हा अरबी 'कुफ्ल'चा मराठी अवतार, हे आम्ही पुढे एम. ए. करताना शिकलो. पण आत असलेल्या माणसाला दार आतून उघडता आलेच पाहिजे, हे त्या आगळीने आम्हांस फार पूर्वी शिकविले होते. पन्नाशी उलटल्यावर आम्ही ते विसरलो, त्याची ही हकीकत आहे.

आमची शाळा सरकारी, मराठी माध्यमाची, बेळगाव जिल्ह्यातल्या एका लहान गावातली. एका माजी विद्यार्थ्याने शाळेला सहा संगणक दिले. तीन महिन्यांच्या आत कुलूप तोडून त्यांतले दोन चोरीस गेले. पंचनामा झाला, आम्ही चार ठिकाणी सह्या केल्या, संगणक काही मिळाले नाहीत. मग आम्ही संगणकखोलीच्या खिडक्यांना जाड गज बसवून घेतले आणि दाराला विजेच्या चुंबकाचे कुलूप बसवायचे ठरविले. बाहेरून कार्ड दाखवायचे, आतून बटण दाबायचे, की दार सुटते. तोडायला कडी नाही की कोयंडा नाही. बसविणाऱ्याने दरपत्रक आणले. त्यात चुंबक होते, कार्ड वाचणारे यंत्र होते, बटण होते, बॅटरीसह वीजपुरवठ्याची पेटी होती, आणि शेवटी 'आपत्कालीन हिरवी पेटी' असे एक कलम होते. 'ही कशाला?' आम्ही विचारले. 'बटण चाललं नाही तर, सर.' 'बटण का चालणार नाही?' असे म्हणून आम्ही लाल शाईने ते कलम खोडले. निबंधातले फालतू वाक्य खोडताना जे समाधान मिळते, नेमके तेच आम्हांस तेव्हा मिळाले, हे कबूल केले पाहिजे.

पुढचा पावसाळा सुरू झाला. जुलैतला शनिवार, सकाळची शाळा. सातवीच्या अकरा मुली संगणकखोलीत होत्या आणि बाई हजेरीपत्रक आणायला कचेरीत आल्या होत्या. दोन-तीनदा वीज गेली-आली, कुठे तरी कडाडले, आणि पाचच मिनिटांत आमचे शिपाईमामा धावत आले. 'सर, दार हालंना झालंय. पोरी आतनं बटण दाबत्यात. आणि जळल्याचा वास यायलाय.'

तो वास आम्हांसही व्हरांड्यातच आला. कार्ड दाखविले, यंत्रावरचा दिवादेखील लागला नाही. आम्ही आणि मामा दोघांनी मिळून दार ओढले, तेव्हा मूठ उपसून आमच्या हातात आली. आतून मुली ढकलत होत्या. एक रडू लागली, मग तिघी रडू लागल्या. वीज बंद पडली की चुंबक सुटते, एवढे बसविणाऱ्याचे बोलणे आमच्या ध्यानात होते, म्हणून आम्ही मामांना मेन स्विच खाली ओढायला सांगितले. स्विच पडला. दार होते तसेच राहिले.

आयुष्यात आम्ही पुष्कळ परीक्षांना बसलो, पण पायांतले बळ जाणे म्हणजे काय ते त्या क्षणी कळले.

आम्ही त्या माजी विद्यार्थ्याला फोन लावला. तो पुण्यात याच विद्येत आहे. त्याने दोनच प्रश्न विचारले आणि म्हणाला, 'सर, मेन पाडलाय तो तसाच पडलेला राहू द्या. आता कुलूप बॅटरीवर चाललंय. नवी बॅटरी आहे, वाट बघत बसलात तर रात्र होईल. पेटीची किल्ली कुठाय?' किल्ली आमच्या टेबलाच्या खणात होती आणि पेटी आतल्या भिंतीवर. किल्ली गजांतून आत दिली. अकरांतली जी सर्वांत कमी बोलणारी मुलगी, ती बाकावर चढली, तिने पेटी उघडली आणि आम्ही खिडकीतून सांगितल्याप्रमाणे बॅटरीची लाल तार ओढून काढली. आवाजसुद्धा झाला नाही. मुली ढकलीतच होत्या, त्या एकदम व्हरांड्यात येऊन पडल्या.

जळालेले होते ते नियंत्रक नावाचे छोटे पटल. आग लागली नाही. सगळा प्रकार अवघ्या वीस मिनिटांचा. तेवढ्यात गावभर बातमी झाली होती.

सोमवारी तीच मुलगी कचेरीच्या दाराशी येऊन उभी राहिली. 'सर, वीज गेली तरी ते चिकटून कसं राहिलं?' आम्ही मराठीचे मास्तर. 'उद्या सांगतो,' म्हणालो, आणि तो उद्या उजाडायला पंधरा दिवस लागले. त्या पंधरा दिवसांत आम्ही विद्यार्थ्याला फोन करकरून जे शिकलो ते असे.

चौकटीच्या माथ्याशी बसविलेली पट्टी हे खरे चुंबक. पातळ लोखंडी पत्रे एकावर एक रचून केलेला गाभा आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे शेकडो वेढे. तारेतून वीज वाहते तोवर गाभा चुंबक असतो. वीज थांबली की तो पुन्हा साधे लोखंड होतो. पोलादाची सुई चुंबकाला घासली तर ते चुंबकत्व धरून ठेवते, पण मऊ लोखंडाचा स्वभाव विसराळू असतो आणि इथे नेमका तोच हवा. तरी थोडी आठवण मागे उरतेच, म्हणून काही कुलपांत पत्र्याला किंचित ढकलणारी बारीकशी स्प्रिंगची खुंटी ठेवतात. दाराच्या फळीवर समोरासमोर एक जाड लोखंडी पत्रा असतो. तो घट्ट आवळीत नाहीत. रबरी चकतीवर थोडा ढिला ठेवतात, म्हणजे चुंबकाला टेकताना तो आपण होऊन सपाट बसतो. हे सपाट बसणेच महत्त्वाचे, कारण मध्ये जाड कागदाएवढी फट राहिली तरी पकड झपाट्याने कमी होते. (धूळ, गंज किंवा कोणी खोडसाळपणे चिकटविलेली पट्टी यांनीही तेच होते. आता दर आठवड्याला मामा कोरड्या फडक्याने दोन्ही तोंडे पुसतात.)

आमचे कुलूप बारा व्होल्टचे. त्याला वीज लागते अर्धा अँपिअर, म्हणजे सहा वॅट, एखाद्या लहानशा एलईडी दिव्याइतकी. आणि त्याची धरण्याची ताकद २८० किलो! शंभर किलोची जवळजवळ तीन पोती. एवढ्याशा विजेत हे कसे बसते, असे आम्ही विचारले तेव्हा विद्यार्थी म्हणाला, 'सर, दार हलत नाही ना? मग कामच होत नाही. नुसतं धरून ठेवणं म्हणजे काम नव्हे.' पदार्थविज्ञानात हे खरे असेल. सरकारी शाळेच्या हेडमास्तराला ते पटणे कठीण आहे. पेटीतली बॅटरी सात अँपिअर-तासांची. हिशेब मांडला तर कागदावर चौदा तास होतात. रात्र होईल असे तो का म्हणाला, ते तेव्हा कळले.

मेन स्विच पाडूनही दार का धरून राहिले, याचे उत्तर बॅटरी हे झाले. पण बटण आणि कार्ड दोन्ही एकदम का मुकी झाली? येथे आमच्या खात्याचा अनुभव कामास आला. बटण स्वतः काहीच करीत नाही. ते नियंत्रकाकडे अर्ज करते. कार्डही त्याच्याकडेच अर्ज करते. मग नियंत्रक साहेब चुंबकाकडे जाणारी वीज क्षणभर तोडतात. साहेबच खलास झाले तर अर्ज पडून राहतो, आणि वीज बॅटरीतून पूर्ववत वाहत राहते. हिरवी पेटी मात्र योग्य मार्गाने अर्ज करीत नाही. ती थेट चुंबकाच्या तारेवरच बसलेली असते. दाबली की तार तुटली, कोणाला विचारायचे नाही. आम्ही लाल शाईने खोडले होते ते हे.

आणखी एक गोष्ट कळली आणि ती मनाला लागली. तारेतल्या विजेने होकायंत्राची सुई हलते हे १८२० साली ओर्स्टेडला दिसले. १८२५ साली विल्यम स्टर्जन या चांभाराच्या मुलाने सुमारे दोनशे ग्रॅम लोखंडाला तार गुंडाळून चार किलो वजन उचलून दाखविले, आणि १८३१ पर्यंत अमेरिकेतल्या जोसेफ हेन्रीचे चुंबक नऊशे किलोंच्या वर गेले. दाराला मात्र हे चुंबक लागले १९६९ च्या सुमारास, कॅनडातल्या माँट्रियल फोरम या क्रीडागृहात. तेथे दारांना कुलपे घालण्यास अग्निशमनवाल्यांची हरकत होती. आग लागली तर माणसे अडकतील ही त्यांची धास्ती. म्हणून वीज तोडताच सुटणारे कुलूप काढले गेले. थोडक्यात, आत अडकलेल्या माणसासाठीच जे कुलूप जन्मले, त्यात आम्ही अकरा मुली अडकविल्या.

त्या मुलीला हे सारे आम्ही खिळा, तार आणि एक सेल घेऊन दाखविले. टाचण्या उचलल्या, तार सोडली, टाचण्या पडल्या. मध्ये कागद धरला तेव्हा थोड्याच उचलल्या गेल्या. दुहेरी कागद धरला तेव्हा त्याहून कमी. तिने टाचण्या मोजून वहीत आकडे मांडले. आम्ही सांगितले नव्हते.

तिचे वडील गवंडी. घटनेनंतर तिसऱ्या दिवशी ते कामावरून तसेच, सिमेंटच्या हातांनी, शाळेत आले. आम्ही उठून उभे राहिलो. काय ऐकावे लागेल याची तयारी रात्रीच करून ठेवली होती. ते एवढेच म्हणाले, 'सर, आता दार उघडतंय न्हवं?' 'हिरवी पेटी बसेपर्यंत दाराला वीज लावणार नाही,' आम्ही म्हटले. त्यांनी दार स्वतः दोनदा उघडून लावून पाहिले, उपसलेली मूठ स्क्रू आणून बसवून दिली आणि चहा न घेता गेले.

हिरवी पेटी आमच्या पगारातून आली. बसविणाऱ्याने पैसे घ्यायला आढेवेढे घेतले, पण चूक त्याची नव्हती. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुसऱ्या तासाला आम्ही स्वतः खोलीत जातो, दार लावून घेतो आणि एका मुलीला पेटी दाबायला सांगतो. मग किल्लीने पेटी पूर्ववत करायची. पाळी हजेरीच्या क्रमाने येते. ऑक्टोबरात त्या मुलीची पाळी आली. तिने पेटी दाबली, दार ढकलले, व्हरांड्यात जाऊन परत आली, आणि आम्ही किल्ली फिरवीत असता म्हणाली, 'सर, अजून एकदा?'