ठीक सात वाजता

आमच्या बुलढाण्यात कार्यक्रमाची बातमी अजून रिक्षातून येते. ती पेपरात छापून येते, मोबाइलवर पत्रिका फिरते, पण गल्लीला खरं कळतं ते टपावर भोंगा बांधलेली रिक्षा कोपऱ्यावरून वळली की. “आज सायंकाळी ठीक सात वाजता…” एवढं कानावर पडतं, भांडी घासणारे हात थांबतात, पोरं फाटकाकडे धावतात आणि तोवर रिक्षा पुढच्या वळणाला लागलेली असते. कीर्तन आहे, नाटक आहे की साड्यांचा सेल, हे मग शेजारणी एकमेकींना विचारून जुळवतात. मला त्यातला ‘ठीक’ हा शब्द फार आवडतो. कुणीतरी आपली वाट पाहतंय आणि आपण वेळेवर जायला हवं, असं त्या एका शब्दात आहे.

पोस्टातल्या नोकरीनं मला जिल्हाभर फिरवलं. तालुके तेरा, पण आमच्याकडे माणसाला गाव विचारताना तालुका नंतर येतो. आधी विचारतात, “घाटावरचे की घाटाखालचे?” राजूर घाट उतरून मोताळ्याकडे लागलं की हवा बदलते, अंगातला स्वेटर निघतो, बोलण्याचा हेल बदलतो. वर पैनगंगेचा उगम, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा. खाली पूर्णेची काळी जमीन, खामगाव, शेगाव, मलकापूर, नांदुरा. पुण्याला राहणारी माझी लेक दर फोनवर विचारते, “बाबा, शनिवार-रविवारी तिकडे तुम्ही करता तरी काय? तिथं काही होतच नाही.” तिला फोनवर उत्तर देणं जमत नाही. म्हणून हे लिहितो आहे.

इथं काही होत नाही असं म्हणणाऱ्यानं आखाजीच्या संध्याकाळी भेंडवळला जावं. जळगाव जामोद तालुक्यातलं हे लहानसं गाव. अक्षय्य तृतीयेला सूर्य कलताना गावाबाहेरच्या शेतात घट मांडतात. गोल आखून कडेनं अठरा धान्यं ठेवायची: गहू, ज्वारी, तूर, मूग, उडीद, हरभरा, जवस, तीळ, सरकी, अंबाडी, मसूर, भादली अशी. मधोमध खड्डा, त्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यांवर पाण्यानं भरलेली घागर, घागरीवर पापड, पुरी, कुरडई, भजं, वडा. शेजारी पानाचा विडा. रात्रभर त्या रानात कुणी फिरकत नाही. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता वाघ घराण्यातले महाराज येऊन पाहतात की कोणतं ढेकूळ भिजलं, कोणता दाणा जागचा हलला, सुपारी पानावर आहे की घसरली, आणि मग पाऊस, पिकं, रोगराई, राजाची गादी, सगळं सांगतात. भादली म्हणजे रोगराई, मसूर म्हणजे परका शत्रू. साडेतीनशे वर्षांची ही रीत आहे, असं गावकरी सांगतात.

दाण्यानं पाऊस कळतो, यावर माझा विश्वास नाही. या मांडणीवर पेरणी ठरवू नये असं मी पोस्टाच्या खिडकीतून अनेकांना सांगितलं आहे. पण मी तिथं गेलो, एकदा नाही, चारदा गेलो आणि जे पाहिलं ते विसरता येत नाही. पहाटे साडेपाचला हजारो शेतकरी नांगरटीच्या ढेकळांवर उकिडवे बसलेले. डोक्याला रुमाल, हातात वही-पेन. कुणी कुणाशी बोलत नाही. माझ्या शेजारचा म्हातारा वहीच्या पानावर आधीच चार रकाने पाडून बसला होता: जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. महाराजांनी पहिला शब्द उच्चारला तेव्हा त्याच्या पेनाचं टोक कागदावर टेकलेलं होतं. मी हळूच विचारलं, “काका, खरं निंघते का हे?” तो वहीवरून नजर न काढता म्हणाला, “कधी निंघते, कधी नाही. पण सारे शेतकरी एका जागी बसून पावसाचा इचार करतात, असा दुसरा दिवस कोन्ता हाय, सांग बरं?”

तिथं खुर्ची नव्हती, व्यासपीठ नव्हतं आणि कार्यक्रम सूर्याबरोबर सुरू झाला.

सूर्याबरोबर सुरू होण्याच्या या गोष्टीचा मी पुढे फार विचार केला. सिंदखेड राजाला १२ जानेवारीला जिजाऊंचा जन्मोत्सव असतो. १५९८ साली लखुजीराव जाधवांच्या ज्या राजवाड्यात त्यांचा जन्म झाला, तिथं थंडीनं बोटं आखडलेली असताना सूर्योदयालाच पूजा होते. आदल्या रात्रीपासून लोक आलेले असतात. उरलेल्या महाराष्ट्राच्या देवी दसऱ्याला उठल्यावर खामगावला कोजागिरीला मोठ्या देवीचा उत्सव बसतो. तिथल्या बाया चंद्र पाहून घराबाहेर पडतात. गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतताना खामगावला मुक्काम करते आणि दुसऱ्या पहाटे शेगावकडे निघते. तो सोळा-सतरा किलोमीटरचा रस्ता म्हणजे आमच्या जिल्ह्यातली सगळ्यात मोठी गंमत आहे, आणि गंमत हा शब्द मी पूर्ण आदरानं वापरतो. दुकानदार शटर ओढून चालायला लागतो, कॉलेजची पोरं चालतात, आजी नातवाचा हात धरून चालते, पाऊस आला तर भिजत चालते. कडेला कुणी पोहे देतं, कुणी केळी, कुणी नुसतं पाणी. तिथं पाहणारा कोण आणि चालणारा कोण, हे कळायला मार्ग नाही. भोंगा फिरवावा लागत नाही. लोकांना वेळ माहीत असते.

मग व्यासपीठ आलं की काय होतं, ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका सभागृहात भारुडाचा कार्यक्रम होता. भोंग्यानं सांगितलं, ठीक सात. मी पावणेसातला पोचलो. घाटाखालच्या एका गावचे वृद्ध कलावंत आले होते. ते बाईचं सोंग घेणार होते. नऊवारी नेसून, कपाळावर कुंकवाचा मळवट भरून, पायात चाळ बांधून ते पडद्यामागे एका पत्र्याच्या पेटीवर बसले. मला जागेवरून पडद्याखाली त्यांचे पाय दिसत होते. साडेसात झाले. आठ झाले. प्रमुख पाहुणे रस्त्यात आहेत, असं दोनदा सांगितलं गेलं. पावणेनऊला पाहुणे आले. दीपप्रज्वलन झालं, प्रतिमापूजन झालं, स्वागतगीत झालं, चौदा जणांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला, प्रास्ताविक झालं आणि मग भाषणं सुरू झाली. दर भाषणात लोककला जगली पाहिजे, हे वाक्य होतं. त्या पायांतले चाळ मधूनमधून आपोआप वाजत. म्हातारा माणूस, पाय अवघडत असतील. दहाला बारा मिनिटं कमी असताना त्यांना माइक मिळाला. दहाला कार्यक्रम संपवायचाच होता. बारा मिनिटांत त्यांनी सभागृह हसवलं आणि रडवलं. मग दिवे गेले, म्हणजे घालवले. ते पेटीवर बसून चाळ सोडत होते तेव्हा मी जवळ गेलो. म्हणालो, “बाबा, फार उशीर झाला.” ते म्हणाले, “हाव ना. सोंग चढाले घंटा लागते बाप्पा, उतराले बी घंटा लागते.” घामानं मळवट गालावर ओघळला होता.

त्या रात्री मला राग आला आणि तो अजून आहे. पाहुण्यांवर नाही, ते बिचारे दिवसाला सहा गावं करतात. राग आहे तो आपण हे चालवून घेतो याचा. समोर बसलेल्या दोनशे लोकांपैकी एकानंही उठून म्हटलं नाही की आधी भारूड होऊ द्या. मीही नाही म्हटलं.

पोळ्याला मात्र असं होत नाही. तोरणाखाली बैलजोड्या उभ्या, शिंगांना रंग, पाठीवर झूल, आणि झडत्या, म्हणजे चिमटे काढणारी कवनं, सुरू. ज्याला सुचेल त्यानं पुढं व्हायचं आणि झडती म्हणायची: पावसावर, कपाशीच्या भावावर, सरपंचावर, सावकारावर, नुकत्याच निवडून आलेल्यावर. ज्याच्यावर झडती आहे तो तिथंच उभा असतो आणि त्याला हसावं लागतं. गर्दी एका दमात “हर बोला हर हर महादेव” म्हणते, पुढचा माणूस पुढे होतो. तिथं कोणाची ओळख करून द्यायची नसते, गाव एकमेकांना ओळखतं. शेवटी मानाची जोडी निघते, तोरण तुटतं, पोळा फुटतो. आता ट्रॅक्टरनं बैल कमी केले. मागच्या वर्षी एका गावात तोरणाखाली अकराच जोड्या मोजल्या, आणि झडत्या म्हणणारे दोघं, दोघंही साठीचे. शाळेच्या गॅदरिंगला पोरं सिनेमाच्या गाण्यावर नाचतात तशी एक झडती लिहून म्हणाली तर किती बरं होईल, असं मी दर वर्षी एखाद्या गुरुजीला सांगतो.

मेहकर तालुक्यातल्या हिवरा आश्रमाला विवेकानंद जयंतीच्या महाप्रसादाला मी गेलो आहे. मोकळ्या रानात माणसांच्या रांगा, नजर पुरत नाही इतक्या लांब, आणि रांगांमधून पुरी अन् वांग्याची भाजी घेऊन फिरणारे ट्रॅक्टर. एवढ्या लोकांना एकाच पंगतीत जेवू घालायचं म्हणजे वेळ काटेकोर लागते. ९१ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन २०१७ मध्ये याच हिवरा आश्रमाला द्यायचं ठरलं होतं. मग वाद झाला, आश्रमानं नकार कळवला आणि संमेलन २०१८ च्या फेब्रुवारीत बडोद्याला भरलं. वादात कोण बरोबर होतं, त्यात मी पडत नाही. मला हळहळ एवढीच वाटते की पुस्तकांच्या गर्दीत पंगतीसारखं मांडी घालून बसलेलं घाटावरचं माणूस मराठी लेखकांनी पाहिलं असतं. अमडापूरच्या सदानंद देशमुखांनी २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या ‘बारोमास’ कादंबरीत जो शेतकरी लिहिला, तो शेतकरी समोरच्या सतरंजीवर बसलेला असता.

मेहकरचंच आणखी एक सांगायचं आहे. ना. घ. देशपांडे. मेहकरला वकिली करणारे कवी. तालुक्याच्या गावी बसून त्यांनी कवितेतून जी शीळ घातली ती जी. एन. जोशींच्या आवाजात १९३० च्या दशकात तबकडीवर गेली आणि महाराष्ट्रभर पोचली. मराठी भावगीताची सुरुवात सांगताना ते गाणं सांगावंच लागतं. माझे वडील सांगायचे, त्यांनी ते पहिल्यांदा एका हॉटेलातल्या फोनोवर ऐकलं, चहाचा कप हातात तसाच राहिला आणि गाणं संपल्यावर मालकानं न सांगता तबकडी पुन्हा लावली. त्या ऐकण्याला ना पाहुणा लागला, ना प्रास्ताविक.

आणि लोणार. २०२० च्या जूनमध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं. पातळी उतरून खारटपणा वाढला आणि खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांनी रंग धरला, असं शास्त्रज्ञांनी पुढे सांगितलं. टाळेबंदीचे दिवस होते. साऱ्या जगानं फोटो पाहिले, मी बुलढाण्यात घरात बसून पाहिले. माझ्या जिल्ह्यातला एवढा मोठा सोहळा माझ्यावाचून झाला, याचं वाईट वाटतं. बस सुरू झाल्यावर गेलो तेव्हा पाणी पुन्हा हिरवट होतं. कमळजा देवीच्या देवळापाशी एक गुराखी पोरगा भेटला. म्हणाला, “म्या पाह्यलं ना. रोज पाह्यलं.” मला त्याचा हेवा वाटला.

म्हणून लेकीला सांगतो: इथं पुष्कळ होतं. पण वेळेवर जावं लागतं आणि गेल्यावर बसून राहून चालत नाही. थोडं चालावं लागतं, वही काढावी लागते, मोठ्यानं महादेवाचं नाव घ्यावं लागतं.

आणि कार्यक्रम करणाऱ्या सगळ्या मंडळांना, वाचनालयांना, संस्थांना माझी हात जोडून विनंती आहे. सत्कार करा, जरूर करा, पण कलावंताचं झाल्यावर करा. पाहुणे सातला आले नाहीत तर सातला पडदा उघडा. ते आल्यावर मागच्या दारानं येऊन बसतील. लोक उशिरा येतात म्हणून आपण उशिरा सुरू करतो आणि आपण उशिरा सुरू करतो म्हणून लोक उशिरा येतात. हे कुणीतरी एका संध्याकाळी तोडायला हवं. त्या संध्याकाळी समोर दहाच माणसं असली तरी चालतील.

आज दुपारी रिक्षा येऊन गेली. शनिवारी भारूड आहे, ठीक सात वाजता. मी पावणेसातला पुढच्या सतरंजीवर असेन. साडेसात वाजले आणि पडदा उघडला नाही, तर या वेळी मी उठून बोलणार आहे. तुम्हीही वेळेवर या, म्हणजे माझ्यासोबत दुसरा एक आवाज असेल.