राहायले का पाडायले?

नागपुरात "महालात घर बघतोय" असं सांगितलं की समोरचा माणूस आधी विचारतो, गाडी कुठे लावाल? मग शाळा किती लांब पडेल ते विचारतो आणि शेवटी आवाज खाली आणून कागदांचं विचारतो. सगळे निघालेत मनीषनगर, बेसा, बेलतरोडीकडे. तिथे लिफ्ट आहे, फाटकावर चौकीदार आहे, एका भेटीत बँकेचं कर्ज मंजूर होतं. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. घरात आयुष्याची कमाई जाते आणि प्रत्येकाने आपल्या लेकराबाळांचा विचार करूनच ती घालावी. पण महालच्या ज्या जुन्या वस्तीपासून हे शहर वाढत गेलं, तिथे आता राहायला कोणी जाऊच नये, हे मला पटत नाही. म्हणून आम्ही महालात घर घेतलं. एका जुन्या वाड्याचा मागचा भाग, विहिरीसकट.

देवगडच्या बख्त बुलंद शाह या गोंड राजाने 1702 च्या सुमारास नाग नदीकाठची खेडी जोडून नागपूर वसवलं. त्याच्या मुलाने, चांद सुलतानाने, कोट बांधला आणि जुम्मा तलाव केला. तो तलाव म्हणजे आजचा गांधीसागर आणि त्या कोटाचा जुम्मा दरवाजा म्हणजे आजचं गांधी गेट. पुढे राज्य रघूजी भोसल्यांकडे आलं. राजवाड्याभोवती सरदारांचे, चिटणिसांचे, कारकुनांचे, भिक्षुकांचे वाडे उभे राहिले, आणि त्यांना लागून सुतार, चितारी, सोनार, कोष्टी. 1853 मध्ये तिसरे रघूजी वारले आणि त्यानंतर इंग्रजांनी राज्य खालसा केलं. पुढे 1864 मध्ये काळ्या दगडाचा, कोरीव लाकूडकामाचा तो राजवाडाही आगीत गेला. नगारखान्याचा दरवाजा तेवढा राहिला. राजा गेला, राजवाडा गेला, तरी वस्ती उठली नाही. इथली माणसं सकाळी उठून विहिरीवर पाणी भरत राहिली, म्हणून महाल राहिला. या गल्ल्यांतून जाताना मला नेहमी त्या माणसांचं ऋण जाणवतं, ज्यांची नावं कुठल्याही बखरीत नाहीत.

आमच्या घराच्या भिंती मातीच्या आहेत, हातभर जाड. खांब आणि पाटण सागवानी, वर कौलं. ओसरीतून माजघरात गेलं की उन्हाळ्यात अंगावरचा ताप निम्मा उतरतो. नागपूरच्या उन्हाचं बाहेरच्यांना सांगायला नको. 2013 च्या मे महिन्यात इथे पारा 47.9 अंशांवर गेला होता. नव्या फ्लॅटच्या काँक्रीटच्या भिंती दिवसभर तापतात आणि रात्रभर ती धग आत सोडतात. वाड्याच्या जाड मातीतून ती धग सहज आत येत नाही, आणि मधला चौक गरम हवेला वर वाट करून देतो. कूलर आम्हीही लावतो. त्याच्या वाळ्यावर पाणी पडलं की जो वास सुटतो तो या शहराच्या चैत्र-वैशाखाचा वास आहे. मागे सांदवाडी आहे, दोन घरांमधली अरुंद पट्टी. तिथून शेजारच्या स्वयंपाकघरातली फोडणी आमच्याकडे येते आणि आमची त्यांच्याकडे जाते. सांबारवडी कोणाकडे झाली हे लपत नाही, आणि ती झाली की वाटी येतेच.

उणिवाही आहेत आणि त्या लहान नाहीत. गल्लीत अग्निशमनाची गाडी वळत नाही. म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यात न्यायचं तर खुर्चीवर बसवून चौकापर्यंत उचलून न्यावं लागतं. वाळवी सागवानाला सहसा धरत नाही, पण नंतर कोणीतरी घातलेल्या हलक्या लाकडाला धरते. पावसाळ्याआधी कौलं शाकारून घ्यायची तर हात ओळखीचा लागतो आणि ते हात दरवर्षी कमी होत चाललेत.

आता कागदांबद्दल. फ्लॅट घेताना तुमच्यासमोर एक बिल्डर असतो. वाडा घेताना समोर एक कुळ असतं. पणजोबांच्या नावावरची आखीव पत्रिका, त्यावर आजोबांच्या चार भावांची नावं, दोन शाखांचे फेरफार झालेले, दोन शाखांचे राहिलेले. एक नातू पुण्यात, एक अमेरिकेत, एका आत्याचा पत्ता कोणालाच नक्की माहीत नाही. 2005 च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबात मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आणखी स्पष्ट केला. पूर्वी लेकींकडून हक्कसोडपत्र गृहीत धरलं जायचं, आता प्रत्येकीला बोलवावं लागतं. व्यवहार यामुळे लांबतो हे खरं. पण आमच्या व्यवहारात सत्तरीच्या एक आजी सहीला आल्या, वाड्यात पुन्हा एकदा फिरल्या, न्हाणीशी थांबल्या आणि मग सही केली. ज्या घरात त्या जन्मल्या त्या घराच्या विक्रीत त्यांचं मत कोणीतरी विचारलं होतं. कायद्याने झालेला असा उशीर मी आनंदाने सोसेन.

त्यापुढे जमीन कोणाची, हा प्रश्न. विदर्भात नझूल म्हणजे सरकारची, भाडेपट्ट्याने दिलेली जमीन; पट्ट्याची मुदत संपलेली असेल, नूतनीकरण झालेलं नसेल, शर्तभंगाची नोंद असेल तर घेणाऱ्याच्या गळ्यात ते सगळं येतं. मग भाडेकरू. या भागात 1949 चा सी. पी. अँड बेरार घरभाडे नियंत्रण आदेश लागू होता. भाडेनियंत्रकाच्या परवानगीशिवाय भाडेकरूला काढता येत नसे. 31 मार्च 2000 पासून राज्याचा एकच कायदा आला आणि त्यात मालकाला वर्षाला 4 टक्के भाडेवाढीची मुभा मिळाली. पण मूळ भाडंच दहा-वीस रुपये असेल तर 4 टक्क्यांत छप्पर शाकारून होत नाही. मालक दुरुस्ती करत नाही, भाडेकरू कशावर करणार, आणि वाडा दोघांच्या मध्ये झिजत जातो. दोघांपैकी एकालाही दुष्ट ठरवण्याचं मला कारण दिसत नाही. आणि बँक? बँक मंजूर नकाशा मागते. दीडशे वर्षांपूर्वी मिस्त्रीने जमिनीवर दोरी ताणून बांधलेल्या घराचा नकाशा कुठून आणायचा? नुसत्या जमिनीवर, मोकळ्या प्लॉटसारखं कर्ज मिळतं, म्हणजे बँकेच्या हिशेबात ते घर उभं नसतंच.

इसारपत्र झालं त्या सुमारास आम्ही मोजणीला वाड्यात गेलो होतो. समोरच्या ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या काकूंनी विचारलं, "घर घेऊन राहिले का भाऊ?"

"हो काकू."

"राहायले का पाडायले?"

मी म्हटलं, राहायला. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, आत गेल्या आणि पाणी घेऊन आल्या.

तो प्रश्न उगीच आलेला नव्हता. आजूबाजूला जो वाडा विकला जातो तो बहुतेक पाडायलाच जातो. आता रस्त्याच्या रुंदीवर बांधकाम ठरतं, त्यामुळे मोठ्या रस्त्याला लागून असलेल्या वाड्याची किंमत वाड्याची राहतच नाही, त्याखालच्या जमिनीची होते. केळीबाग रस्ता रुंद झाला तेव्हा कित्येक घरं समोरून कापली गेली. कोणाची ओसरी गेली, कोणाचं दुकान गेलं, आतल्या खोलीचा रंग रस्त्यावर उघडा पडला. रस्ता हवा होता, तिथली कोंडी मी पाहिलेली आहे. पण रस्त्याला जागा देणाऱ्या शहराने मागे उरलेल्या घरांना दुरुस्तीसाठी हात द्यायला हवा होता. आपल्याकडे वारसा संवर्धन समिती आहे, वारसास्थळांची यादी आहे. राजवाडा, देऊळ, दरवाजा जपण्याची तजवीज होऊ शकते. साध्या कारकुनाच्या वाड्यात राहणाऱ्याला कौलासाठी, खांबासाठी सवलतीचं कर्ज मिळत नाही, आणि महाल तर अशाच वाड्यांनी बनलेला आहे.

इथे राहायला आल्यावर वर्ष कळायला लागलं. चितार ओळीत मातीचे ढीग पडले की गणपती जवळ आले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, त्या दिवशी पोरं लाकडी बैल घेऊन दारोदार येतात आणि इतवारीकडून मारबत निघते. काळी मारबत 1881 पासून निघते, पिवळी 1885 पासून. वर्षभराची रोगराई, महागाई, अन्याय गावाबाहेर घालवा, असा पुकारा करत माणसं मागे धावतात. सगळं शहर गणपती विसर्जित करून मोकळं होतं तेव्हा भोसल्यांच्या वाड्यात पितृपक्षात हडपक्या गणपती बसतो. बंगालच्या स्वारीवरून परतलेल्या सरदाराला उशीर झाला म्हणून ही प्रथा पडली, असं इथे सांगतात. उशिरा आलेल्यालाही सण मिळावा, ही या वस्तीची मोठ्या मनाची रीत मला फार आवडते. आम्हीही इथे उशिराच आलो.

तुम्ही नागपुरात घर शोधत असाल तर बेसा जरूर बघा. पण त्याआधी एका रविवारी सकाळी मेट्रोने चितार ओळी चौकात उतरा, डिसेंबर 2022 पासून ती तिथपर्यंत जाते. बडकस चौकापर्यंत पायी या, गल्ल्यांत शिरा, ओट्यावरच्या माणसांशी बोला. एखादं घर मनात भरलं तर पहिल्यांदा आखीव पत्रिका मागा, जमीन नझूल आहे का ते विचारा, वकिलाकडून तीस वर्षांचा शोध घ्या, घरातल्या सगळ्या लेकींच्या सह्या होईपर्यंत थांबा. घाई करणाऱ्या दलालाला नमस्कार करा. आणि एवढं सगळं करून घेतलंत, तर कृपा करून राहायला घ्या.