क्रौंचमक्षिका

आकृतीवरून प्रकृति ओळखावी, असा लोकांचा प्रघात आहे. परंतु या प्रघातानें किती निरपराध जीवांचा घात होतो, याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. पावसाळ्यांत न्हाणीघराच्या ओल्या भिंतीवर किंवा दिव्याभोंवतीं लांबलचक पायांचा एक कीटक लटपटत उडतांना वाचकांनीं पाहिला असेल. पुष्कळ घरांत त्यास ‘मोठा डास’ म्हणतात, आणि तें नांव उच्चारतांच त्याचा अंत होतो. इंग्रजींत त्यास ‘क्रेन फ्लाय’ म्हणतात. आपण क्रौंचमक्षिका म्हणूं. ज्या क्रौंचाच्या वधानें आदिकवीचा शोक श्लोकरूप झाला, त्याचें नांव या दीन प्राण्यास शोभतें.

गतवर्षीं आमच्या नातवास डेंग्यूचा ज्वर आला. तेव्हांपासून सायंकाळ झाली, कीं सूनबाईच्या हातांत विजेची बॅट असते. तिच्या भीतीस हसण्याचें धाडस मी करणार नाहीं. मात्र त्या बॅटीखालीं डासांबरोबर क्रौंचमक्षिकाही मरतात, हें पाहून माझ्या मनांतील जुना पंतोजी जागा होतो.

‘हा डास आहे, कारण यास दोन पंख व लांब पाय आहेत,’ हें अनुमान न्यायशास्त्राच्या कसोटीस उतरत नाहीं. जो हेतु साध्य नसलेल्या ठिकाणींही आढळतो, तो सव्यभिचार होय. मग खरें लक्षण कोणतें? डासाच्या मादीस रक्त शोषणारी सोंड असते, व डासाच्या पंखांच्या शिरांवर बारीक खवले असतात. क्रौंचमक्षिकेस रक्त शोषणारी सोंडही नाहीं आणि पंखांवर तसे खवलेही नाहींत. तिच्या पाठीवर मात्र इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी रेघ असते. पंखांच्या मागें टांचणीएवढ्या दोन गदा दिसतात. मागील पंखांचेंच तें रूपांतर असून उडतांना तोल सांभाळण्यास त्यांचा उपयोग होतो. पाय इतके ठिसूळ, कीं शत्रूनें एखादा धरल्यास तो त्याच्यापाशीं टाकून ती निघून जाते. प्रौढ झाल्यावर कित्येक जाती जवळजवळ कांहींच खात नाहींत, आणि थोड्याच दिवसांत त्यांचें आयुष्य संपतें. ती डास खाते असाही एक समज आहे. पण तोही खोटाच.

हिचा गोतावळा विलक्षण मोठा आहे. टिप्युलिडी, लिमोनिडी, पेडिसिडी व सिलिंड्रोटोमिडी या चार कुलांत मिळून १५,००० हून अधिक जातींची नोंद झाली आहे. लिमोनिडी कुलांतील ‘कायोनिया’ तर पंखहीन असून हिवाळ्यांत बर्फावर चालते; पंख गेले, तरी त्या दोन गदा तिनें टाकिल्या नाहींत. अमेरिकेंतील प्राध्यापक चार्लस अलेक्झांडर (१८८९–१९८१) यांनीं पत्नी मेबल यांच्या साहाय्यानें ११,००० हून अधिक जातींचें प्रथम वर्णन केलें. आपण ‘मोठा डास’ म्हणून ज्यास एका क्षणांत निकालांत काढितों, त्यांतील भेद पाहण्यांत एका दांपत्याचा जन्म गेला!

दोष असेल तो सांगितलाच पाहिजे. हिच्या अळ्या बहुधा चिखलांत व कुजक्या पाल्यांत राहून त्याची माती करितात; पण कांहीं जातींच्या अळ्या गवताचीं मुळें खातात. १९३५ सालीं लंडनच्या लॉर्ड्स मैदानाची त्यांनीं दुर्दशा केली, आणि त्याच मैदानावर दक्षिण आफ्रिकेनें इंग्लंडांतील आपला पहिला कसोटी विजय मिळविला. मात्र नसलेला दोष लादूं नये.

मी नोकरींत असतांना आमच्या शाळेंतील एका मुलावर फीचे पैसे चोरल्याचा आळ आला. पुरावा एवढाच, कीं त्याचा वडील भाऊ पूर्वीं चोरींत सांपडला होता, व दोघांचा तोंडवळा सारखा होता. मीं व आणखी एका शिक्षकानें विरोध केला. तरी मुलाचें नांव पटावरून कमी झालेंच. पंधरा दिवसांनीं पैसे कचेरींतील कपाटामागें सांपडले. निरोप गेला, पण मुलगा परत आला नाहीं.

डासांशीं वैर अवश्य करावें. सांचलेलें पाणी ओतून द्यावें, टांक्या झांकाव्या, मच्छरदाणी लावावी. परंतु हात उगारण्यापूर्वीं क्षणभर थांबून लक्षण पाहावें. भिंतीवरच्या कीटकाच्या निमित्तानें मुलांस ही संवय लागली, तर पुढें माणसांची पारख करितांना ती त्यांच्या उपयोगीं पडेल.