खंड्याचा पिंजरा

२०२४ सालच्या एप्रिल महिन्यांत आमच्या खंड्याच्या मागच्या उजव्या पायाचें हाड मोडलें. मिरजेहून सांगलीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला आमचें घर आहे. एका मांजराच्या मागें लागून खंड्या फाटकाबाहेर धांवला आणि त्याच क्षणीं एका दुचाकीची त्याला धडक बसली. फाटक उघडें टाकलें होतें तें मीं. मित्र बाहेर हांका मारीत होते आणि मला क्रिकेटला जाण्याची घाई झाली होती. हें घरांत कोणी बोलून दाखविलें नाहीं. पण म्हणूनच तें माझ्या मनांतून जाईना.

जनावरांच्या डॉक्टरांनीं प्लास्टर घातलें आणि बाबांना सांगितलें, "सहा आठवडे याला पिंजऱ्यांत ठेवा. धांवणें नको, उडी नको, जिना तर मुळींच नको." पिंजरा हा शब्द ऐकतांच आजीचा चेहरा पालटला. आमच्या आजीचें माहेर जेजुरीजवळचें. खंडोबाच्या पायांशीं कुत्रा असतो म्हणून तिनेंच याचें नांव खंड्या ठेविलेलें. ती म्हणाली, "धर्मराज कुत्र्यासाठीं स्वर्गाच्या दारांत अडून राहिला, आणि तुम्ही या मुक्या जिवाला तुरुंगांत घालतां होय!" यावर बाबा गप्प बसले. मीही गप्प बसलों, परंतु मनांत एक निश्चय केला. तुरुंगच घ्यावयाचा तर तो निदान ऐसपैस तरी घ्यावा.

दुकानांत तऱ्हेतऱ्हेचे पिंजरे मांडलेले होते. जाड प्लास्टिकची, लहान झरोक्यांची एक पेटी होती. ती प्रवासाला चांगली, पण आमच्या उन्हाळ्यांत घरांत दिवसभर बसावयास ती भट्टीच. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाहीं. जीभ बाहेर काढून धापा टाकणें हाच त्याचा मुख्य उपाय, आणि त्याला हवा खेळती पाहिजे. कापडी तंबूसारखा एक पिंजरा होता, तो खंड्यानें दोन दिवसांत नखांनीं फाडला असता. राहिला तारेचा. त्याच्या बुडाला ओढून काढतां येणारें तबक असतें, घडीही होते आणि चारी बाजूंनीं वारा लागतो. तो घ्यावयाचा हें ठरलें.

आतां प्रश्न मापाचा. हे पिंजरे लांबीवर ओळखतात: २४ इंच, ३०, ३६, ४२, ४८. भिंतीवर एक तक्ता होता. कोणत्या जातीला कोणतें माप तें त्यांत लिहिलेलें. लॅब्राडोर होता, पामेरियन होता. आमचा गांवठी खंड्या मात्र कोणत्याच रकान्यांत बसेना. दुकानदारानें विचारलें, "कुत्र्याचें माप आणलें आहे का?" माप! मीं हात पसरून "एवढा आहे" म्हणून दाखविलें आणि तो ४८ इंचांचा सर्वांत मोठा पिंजरा हवा असा हट्ट धरला. बाबांनीं एकदां माझ्याकडे पाहिलें आणि पैसे मोजले.

पिंजरा घरीं आला तेव्हां मला धन्य वाटलें. खंड्याला आंत चार पावलें टाकतां येत होतीं. पहांटे वर्तमानपत्रवाला आला कीं तो उठे, भिंगरीसारखा गोल फिरे आणि पुढचे दोन्ही पाय तारेवर टेकून मागच्या पायांवर उभा राहून भुंके. त्याचा उत्साह पाहून मला आनंद होई. मागच्या पायांवर! आतां लिहितांना माझें मलाच नवल वाटतें कीं, हें मीं रोज सकाळीं डोळ्यांनीं पाहत होतों.

दहाव्या दिवशीं पंजा सुजला. पुन्हां क्ष-किरणांचें चित्र काढलें, त्यांत हाडाचीं टोकें सरकलेलीं दिसलीं. डॉक्टरांनीं विचारलें, "पिंजरा केवढा घेतलात?" मीं सांगितलें. ते शांतपणें म्हणाले, "बाळ, तूं याला पिंजरा घेतला नाहींस, अंगण घेतलेंस." त्याला भूल देऊन हाड पुन्हां बसविलें, नवें प्लास्टर घातलें आणि आठवडे पहिल्यापासून मोजावयाचे ठरलें. भुलीच्या सुईनें त्याचे डोळे मिटूं लागले तेव्हां त्याचें डोकें माझ्या मांडीवर होतें.

त्या सायंकाळीं आईच्या शिवणाच्या पेटींतली फीत घेऊन मीं त्याचें माप घेतलें. नाकाच्या शेंड्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत २९ इंच. शेपूट मोजावयाची नसते. त्यांत चारेक इंच मिळवावे म्हणजे पाय पसरून निजतां येतें. तेव्हां ३६ इंचांचा पिंजरा त्याला पुरेसा होता. उंचीला मीं पुन्हां चुकलों. फीत डोक्यापर्यंतच धरली. आई म्हणाली, "अरे, आणि कान?" खंड्याचे कान पळसाच्या द्रोणासारखे उभे. कानांच्या टोकांपर्यंत उंची २४ इंच भरली. मान न वांकवितां उभें राहतां यावें, जागच्या जागीं वळतां यावें, अंग पसरून निजतां यावें. आजारी कुत्र्याला याहून अधिक जागा देणें म्हणजे दुखण्याला जागा देणें, असें डॉक्टरांचें म्हणणें होतें.

नवा पिंजरा घेण्याची सोय नव्हती. जुन्याबरोबर आडवी लावावयाची एक जाळी आली होती, ती मीं निरुपयोगी म्हणून माळ्यावर टाकलेली. ती लावून लांबी कमी केली. परंतु उंची तशीच राहिली. मग शेजारच्या सुतारकाकांनीं भोकें पाडलेली एक पातळ फळी २६ इंचांवर आंतून तारेनें बांधून दिली. तबकावर प्लास्टरचा पाय घसरत होता, म्हणून खालीं रबराची चटई आणि वर गोणपाट अंथरलें. दाराचा उंबरठा तीन पायांच्या कुत्र्याला उंच पडे. तेथें बाहेरून गोणपाटाची घडी करून उतार केला. गळपट्टा काढून ठेविला, कारण तो तारेंत अडकला तर गळफास बसावयाचा.

जागेचा तंटा आणखी दोन दिवस चालला. ओसरीवर दुपारीं ऊन येई; स्वयंपाकघरांत आईच्या पायांत येई. शेवटीं माजघरांत, आजी वाती वळीत बसते तेथें, भिंतीला लागून पिंजरा ठेविला. मागून आणि वरून जुनें लुगडें टाकलें, समोरची बाजू मोकळी. खंड्या पहिल्या रात्रीं पुष्कळ कण्हला. मी दार उघडावयास उठलों तों आजीच म्हणाली, "नको. राहूं दे. मी बसतें त्याच्यापाशीं." आणि ती खरोखरच बसली.

एवढें मात्र सांगितलें पाहिजे कीं, खंड्याला आम्ही कोंडून विसरलों नाहीं. दिवसांतून चार वेळां साखळी लावून अंगणांत नेत असूं. भाकरी पिंजऱ्यांतच देत असूं. आणि रागावून त्याला आंत कधीं घातलें नाहीं. उन्हाळ्यांत गांवांतलीं कुत्रीं उभ्या मोटारीखालीं किंवा पायरीच्या सांपटींत जाऊन निजतात, तसा कांहीं दिवसांनीं खंड्याही आपण होऊन आंत जाऊं लागला.

जूनमध्यें शाळा उघडली त्याच आठवड्यांत प्लास्टर निघालें. पाय किंचित् आंखूड झाला आहे आणि थंडींत तो लंगडतो. फाटकाची कडी मी आतां दोनदां पाहतों.

पिंजरा अजून माजघरांतच आहे. दार काढून ठेविलें आहे. त्यावर आजीची वातींची परडी असते आणि दुपारीं आंत खंड्या असतो. मध्यंतरीं सुतारकाका आले होते. फळी काढून नेऊं का म्हणून त्यांनीं विचारलें, तों आजी म्हणाली, "असूं द्या कीं, त्याच्या कानांना ती बरोबर लागते."