दरसालचा अधिक मास

आमच्या दप्तरी वर्षाचे महिने बारा. वेतन बारा वेळा मिळते, आणि घरभाडेही, देवाच्या कृपेने, बाराच वेळा द्यावे लागते. फोनच्या कंपनीचा महिना मात्र २८ दिवसांचा. म्हणजे तिच्या हिशेबी वर्षाला तेरा महिने. पंचांगातला अधिक मास सुमारे तेहतीस महिन्यांनी येतो आणि त्यात जावयाला अनारसे तरी मिळतात. हा अधिक मास दरसाल येतो, आणि देणे तेवढे आमच्याकडे! २०२२ साली दूरसंचार नियामक प्राधिकरणाने प्रत्येक कंपनीस निदान एक ३० दिवसांची योजना ठेवावयास लावली, हे खरे. पण ‘निदान एक’ या शब्दांचा अर्थ कारकुनाइतकाच कंपनीलाही कळतो.

जुलै २०२४ मध्ये खाजगी कंपन्यांनी दर सुमारे १० ते २५ टक्क्यांनी वाढविले. भारत संचार निगमाने त्या वेळी वाढविले नव्हते. रायपुरात चौबे कॉलनीतील महाराष्ट्र मंडळात भेटेल तो हाच हिशेब मांडीत होता. आम्हीही कंपनी सोडावयाचे ठरविले.

क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे. परंतु परिमंडळाची सीमा ओलांडून क्रमांक नेता येऊ लागला तो जुलै २०१५ पासून. बदलीच्या नोकरीतल्या माणसाला या दुसऱ्या तारखेचे मोल अधिक. आमचा क्रमांक पुण्यास कॉलेजात असताना घेतलेला. आईने तो गावी देवघराच्या भिंतीवर पेन्सिलीने लिहून ठेवला आहे. ती भिंत पुसावी लागू नये, एवढीच आमची अट होती. १९०० या क्रमांकास संदेश धाडला, आठ अक्षरांचा संकेत आला, आणि पाच कामाच्या दिवसांत काम झाले. मधल्या काळात जुन्या कंपनीचे आर्जवी फोन आले. इतक्या वर्षांत तिने आमची विचारपूस केली ती प्रथमच.

आईचा क्रमांक मात्र हलविता आला नाही. सातारा जिल्ह्यातले आमचे गाव डोंगराच्या कुशीत. तेथे रेंज त्या जुन्याच कंपनीची. आईचा फोन साधा, बटणांचा. इंटरनेटशी तिचा संबंध नाही, तरी दर २८ दिवसांनी त्याचेही पैसे आम्ही रायपुराहून भरीत होतो, आणि रिचार्ज पोहोचला की नाही हे विचारावयास तिला फोन करीत होतो. डिसेंबर २०२४ मध्ये प्राधिकरणाने केवळ बोलण्याच्या व संदेशांच्या योजना देणे कंपन्यांस बंधनकारक केले, आणि त्यांची मुदत वर्षापर्यंत ठेवण्यास मुभा दिली. आम्ही लांब मुदतीची तशी योजना घेतली आणि आईस सांगितले, “आता दर महिन्याला पैसे भरायला नकोत.”

ती म्हणाली, “मग दर महिन्याला तू फोन तरी कशाला करशील रे?”